करंट झीरोजवळ तांब्याच्या रेषांवरून दोन वेगळी तापमाने येतात, कोणते धरायचे?

आर्क_माटुंगा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एमटेकच्या प्रकल्पासाठी एसएफ६ (सल्फर हेक्साफ्लोराइड वायू) ब्रेकरचा छोटा नमुना उभा केला आहे. करंट शून्यावर येतो त्या क्षणी, म्हणजे करंट झीरोला, कॉन्टॅक्टमधला विजेचा आर्क विझताना नोझलमध्ये नेमके काय घडते ते वर्णपटावरून बघायचे आहे. मांडणी अशी:

चेंबर २० लिटरचे, एसएफ६ ५ बार निरपेक्ष दाबाला. टेफ्लॉनचे नोझल, घशाचा व्यास १० मिलिमीटर. कॉन्टॅक्ट तांबे-टंगस्टनचे. कपॅसिटर बँक १० मिलिफॅरड, चोक १ मिलिहेन्री, चार्जिंग २ किलोव्होल्ट. ५० हर्ट्‌झचा एक अर्धा फेरा मिळतो, शिखर साधारण ५.८ किलोअँपिअर. नोझलच्या बाजूला २ मिलिमीटरची उभी फट कापून तिच्यावर क्वार्ट्‌झची पट्टी बसवली आहे. स्पेक्ट्रोमीटर ५०० मिलिमीटरचा, ग्रेटिंग १२०० रेषांचे, स्लिट ५० मायक्रॉन, मागे आयसीसीडी (अतिजलद शटरचा) कॅमेरा, गेट (शटर उघडे राहण्याचा वेळ) २ मायक्रोसेकंद. तरंगलांबी पाऱ्याच्या दिव्याने आणि तीव्रता हॅलोजन दिव्याने जुळवून घेतली आहे.

अडचणी तीन.

१. तांब्याच्या ५१०.५, ५१५.३ आणि ५२१.८ नॅनोमीटरच्या रेषांवरून तापमान काढतो. शिखरावर सगळे जुळते, ९,८०० केल्विनच्या आसपास. पण करंट झीरोच्या ५० मायक्रोसेकंद आधी ५१५/५१० या जोडीवरून ९,४०० येते आणि ५२१/५१० वरून ६,२००. त्या वेळी ५२१ आणि ५१५ यांचे गुणोत्तर १.८ वरून ०.४ पर्यंत घसरलेले असते.

२. झीरोनंतर काहीच दिसत नाही. गेट ५० मायक्रोसेकंदांपर्यंत वाढवूनही गोंगाटच येतो.

३. लाल भागात (३०० रेषांचे ग्रेटिंग लावून) ६४९.५, ६५४.८ आणि ६५६.३ ला रेषा येतात, त्या कुणाच्या? आणि गंधकाच्या रेषा इतक्या फिक्या का? आर्क तर एसएफ६ मध्येच जळतोय.

जाणकारांनी कृपया सांगावे.

---

वर्णपट_ठाणे

तुमचे उत्तर त्या ०.४ मध्येच आहे.

५१५.३ आणि ५२१.८ या दोन्ही रेषांची वरची ऊर्जापातळी जवळपास एकच आहे, ६.१९ इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्यामुळे या दोघींच्या गुणोत्तरावर तापमानाचा परिणाम होत नाही. संक्रमण-संभाव्यता ६.० × १०^७ आणि ७.५ × १०^७, सांख्यिक भार ४ आणि ६. हिशेब केला की ५२१/५१५ कायम १.८५ यायला हवे. हे गुणोत्तर तापमापक म्हणून निरुपयोगी, पण पहारेकरी म्हणून फार मोलाचे. प्रत्येक फ्रेमला आधी ते तपासा आणि मगच तापमान काढायला बसा.

ते १.८५ च्या खाली दोन कारणांनी येते. पहिले कारण स्वशोषण, म्हणजे आर्कमधल्याच अणूंनी तो प्रकाश पुन्हा गिळणे. पण स्वशोषण कितीही वाढले तरी दोन्ही रेषा त्या तापमानाच्या कृष्णिकेच्या (आदर्श काळ्या वस्तूच्या) पातळीला जाऊन टेकतात, म्हणजे गुणोत्तर १ च्या आसपास थांबते. ०.४ म्हणजे ५१५.३ च्या जागी बाहेरून प्रकाश मिसळतोय. तो सी२ रेणूच्या (कार्बनचे दोन अणू) स्वान पट्ट्यांचा, म्हणजे दाटीने लागलेल्या रेषांच्या समूहांचा. या पट्ट्याचे डोके (ठळक कडा) ५१६.५ ला असते आणि शेपूट निळ्या बाजूला पसरते. तुमची ५१५.३ डोक्यापासून जेमतेम १.२ नॅनोमीटर आत, ऐन गर्दीत बसली आहे. दुसरे डोके ५१२.९ ला, त्याच्या शेपटीत ५१०.५ सापडते. ५२१.८ मात्र डोक्याच्या लाल बाजूला असल्यामुळे स्वच्छ राहते. शिखरावर हे दिसत नाही कारण तेवढ्या उष्णतेत सी२ टिकतच नाही. आर्क निवत चार-सहा हजार केल्विनवर आला की टेफ्लॉनच्या वाफेतला कार्बन जोडीने बांधला जातो आणि पट्टे उजळतात.

म्हणून ९,४०० सरळ टाकून द्या. पण ६,२०० वरही लगेच विश्वास ठेवू नका. ५१०.५ मध्ये पट्ट्याचा थोडा प्रकाश मिसळला असेल तर तापमान खऱ्यापेक्षा कमी दिसते. उलट ५१०.५ चे स्वशोषण झाले असेल तर जास्त दिसते. ही रेषा इथे फसवी आहे: तिची खालची पातळी १.३९ इलेक्ट्रॉनव्होल्टची, मितस्थायी (जिथून अणू सहज खाली येत नाही), त्यामुळे निवत्या वायूतही भरलेली राहते. १०,००० केल्विनला ५२१.८ ची प्रकाशीय जाडी (वाटेत स्वतःचा प्रकाश गिळण्याचे प्रमाण) ५१०.५ च्या तिपटीहून जास्त असते. ५,००० ला चित्र उलटते आणि ५१०.५ पाचपट जाड होते. शिखरावर ‘रेषा पातळ आहेत’ असे एकदा तपासले म्हणून झीरोजवळही तसेच असेल असे गृहीत धरता येत नाही.

करायचे असे: ५०५ ते ५२५ ही पूर्ण चौकट एका फ्रेममध्ये घ्या. १३ मिलिमीटरच्या सेन्सरवर तुमच्या ग्रेटिंगने साधारण २१ नॅनोमीटर मावतात, म्हणजे जमेल. स्वान पट्टा गणिताने उभा करा, त्याला तुमच्या यंत्राची रुंदी द्या (पाऱ्याच्या ५४६.१ रेषेवरून मोजलेली) आणि तांब्याच्या रेषा व पट्टा एकत्रच जुळवा. दोन बिंदूंमध्ये सरळ रेघ मारून पार्श्वभूमी वजा करण्याची पद्धत इथे चालत नाही, कारण पट्ट्याची पार्श्वभूमी सरळ नसून करवतीच्या दात्यांसारखी असते.

पडताळ्यासाठी ५२१/५१० चे आकडे जवळ ठेवा: १०,००० केल्विनला ३.५, ७,००० ला १.१, ५,००० ला ०.२२. गुणोत्तरात २० टक्के चूक झाली तर १०,००० ला तापमान ७०० केल्विनने चुकते, ५,००० ला २०० पेक्षाही कमी. म्हणजे निवत्या टप्प्यात ही पद्धत उलट जास्त अचूक आहे, फक्त प्रकाश पुरला पाहिजे आणि औष्णिक समतोल टिकला पाहिजे. मॅकव्हर्टर निकषाने (समतोलाला किमान किती इलेक्ट्रॉन हवेत त्याचा नियम) या रेषांना ५,००० केल्विनला दर घनसेंटिमीटरला ६ × १०^१५ च्या वर इलेक्ट्रॉन लागतात. झीरोच्या अगदी जवळ तेवढे उरत नाहीत. तिथे जो आकडा येईल त्याला ‘उत्तेजन तापमान’ म्हणा, वायूचे तापमान म्हणू नका.

आता गंधक. तुमच्या नोझलच्या घशात शिखरावेळी एसएफ६ फारसा नसतोच. आर्कच्या किरणांनी टेफ्लॉनची भिंत वाफाळते आणि ती वाफ घसा भरून टाकते. टेफ्लॉन म्हणजे फक्त कार्बन आणि फ्लोरिन. म्हणून फ्लोरिनच्या ६८५.६, ७०३.७ या रेषा झगमगतात आणि गंधकाच्या आयनाच्या ५४५.४, ५६४.० फिक्या राहतात. कॉन्टॅक्ट सुटल्यानंतरच्या पहिल्या मिलिसेकंदात, करंट कमी असताना बघा, त्या दिसतील. शिवाय तांब्याची अणुरेषा गाभ्याचे तापमान सांगतच नाही. गाभ्यात तांबे आयन होऊन बसलेले असते, तुम्हाला दिसते ती कडेची निवट साल. गाभा हवा असेल तर कार्बनच्या आयनाची ६५७.८ किंवा गंधकाच्या आयनाच्या रेषा घ्या आणि एबेल उलट-रूपांतर (बाजूने दिसणाऱ्या एकूण उजेडातून आतल्या थरांचा उजेड वेगळा काढणे) करा.

६४९.५ आणि ६५४.८ या तांब्याच्याच, ३२४.७५ आणि ३२७.४० च्या दुसऱ्या कोटीतल्या. दोनाने गुणून बघा. क्वार्ट्‌झमधून अतिनील आत येते आणि ग्रेटिंग ते लाल भागात आणून ठेवते. स्लिटपुढे ४९५ नॅनोमीटरच्या वरचेच सोडणारी पिवळी काच लावा. ती न लावता ६५७.८ मोजली तर शेजारच्या ६५४.८ च्या पसरट पायामुळे तीव्रता चुकेल. ६५६.३ हायड्रोजन-अल्फा आहे, तिचा शोध वेगळा घ्यावा लागेल.

---

शून्यवेळ

वरच्या उत्तरात रेषांचे सगळे आले. मला तुमच्या ‘५० मायक्रोसेकंद आधी’ या शब्दांबद्दल विचारायचे आहे. तो वेळ मोजलात कसा?

५.८ किलोअँपिअर, ५० हर्ट्‌झ म्हणजे झीरोजवळ करंटचा उतार साधारण १.८ अँपिअर दर मायक्रोसेकंद. आता ऑसिलोस्कोपवर ±६.४ किलोअँपिअर मावेल अशी पट्टी ठेवली आणि स्कोप ८ बिटचा असला, तर एक पायरी ५० अँपिअरची होते. ५० अँपिअर म्हणजे २७ मायक्रोसेकंद! तेवढ्या अवधीत झीरो कुठेही असू शकतो. १२ बिटच्या स्कोपवर हीच पायरी ३ अँपिअरची, म्हणजे पावणेदोन मायक्रोसेकंदांची होते. त्यात रोगोव्स्की कॉइल (तारेभोवती घालून करंट मोजणारी) वापरत असाल तर इंटिग्रेटरची घसरण आणखी भर घालते. १० मिलिसेकंदांत २० अँपिअरचा तोल गेला तरी ११ मायक्रोसेकंद गेले.

उपाय: झीरोसाठी वेगळा चॅनेल. कोअॅक्सिअल शंट (करंट मोजायचा अगदी छोटा रोध), त्याच्यापुढे दोन उलटसुलट डायोडची मर्यादा घालणारी जोडी, आणि पट्टी ±१०० अँपिअर. वर कितीही करंट जाऊ दे, शेवटची ५० मायक्रोसेकंद स्वच्छ दिसतात. आर्कचे व्होल्टेजही त्याच वेळपट्टीवर नोंदवा. विझण्याच्या क्षणी व्होल्टेजला जे शिंग येते ते झीरोची दुसरी साक्ष आहे.

दुसरे, झीरो प्रत्येक शॉटला त्याच वेळी येत नाही. आर्कचे व्होल्टेज कपॅसिटरच्या व्होल्टेजला विरोध करते, त्यामुळे करंट कोऱ्या चोकच्या हिशेबापेक्षा लवकर शून्याला येतो, आणि किती लवकर ते त्या शॉटमधल्या आर्कच्या लांबीवर ठरते. कपॅसिटर सोडल्यापासून ठरावीक विलंबाने गेट उघडत असाल तर आज ‘झीरोच्या आधी’ असलेली फ्रेम उद्या ‘झीरोनंतर’ची असेल. विलंब जुळवत बसू नका. कॅमेऱ्याच्या गेट मॉनिटरचा सिग्नल करंटच्याच स्कोपवर घ्या, भरपूर शॉट मारा आणि नंतर खऱ्या वेळेनुसार रांगेत लावा.

ट्रिगर तांब्याच्या तारेने नेऊ नका. तिच्यातून आर्कचा गोंगाट कॅमेऱ्यात शिरतो आणि गेट भलत्या वेळी उघडते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला ऑप्टिकल फायबरचे साधे ट्रान्समीटर-रिसीव्हर मिळतात, तेवढे पुरतात. कॅमेरा आणि संगणक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर ठेवा, आणि अर्थिंग एकाच बिंदूवर.

---

आर्क_माटुंगा

सर, स्कोप ८ बिटचाच आहे आणि झीरोला वेगळा चॅनेल नाही. शंट बसवतो. ४९५ ची काच लावल्यावर ६४९.५ आणि ६५४.८ दोन्ही गेल्या, ६५६.३ राहिली. झीरोनंतरचे कसे मिळवायचे?

---

काच_आणि_सावली

झीरोनंतर वायू स्वतः उजळत नाही, त्यामुळे त्याच्या उजेडाची वाट पाहून उपयोग नाही. मागून दिवा लावा आणि त्याची सावली वाचा. उत्सर्जन सोडून शोषण मोजायचे.

झेनॉनचा फ्लॅश दिवा, समोरासमोर दोन खिडक्या, आणि तोच स्पेक्ट्रोमीटर. चार नोंदी लागतात: दिवा आणि आर्क मिळून, फक्त आर्क, फक्त दिवा, आणि काळोख. पहिल्यातून दुसरी वजा, तिसरीतून चौथी वजा, आणि मग भागाकार. ‘फक्त आर्क’ दुसऱ्या शॉटमधून घेतली तर झीरोच्या आधी चूक मोठी होते, कारण दोन शॉट सारखे नसतात. झीरोनंतर आर्कचा उजेड इतका कमी असतो की तेवढे खपते. म्हणूनच ही पद्धत तुम्हाला हव्या त्या टप्प्यासाठीच बनल्यासारखी आहे.

काय बघायचे: ५१६.५ चा स्वान पट्टा आता खड्डा म्हणून दिसेल. तांबे आणि फ्लोरिनच्या रेणूचे पट्टे ४९३ आणि ५०६ च्या आसपास मिळतात, ते दिसले की धातूची वाफ फ्लोरिनशी बांधली जाऊ लागली असे समजा. तांब्याची ५१०.५ इथे कामाची, कारण मघाशी अडचण ठरलेली तिची मितस्थायी खालची पातळी शोषणासाठी सोयीची आहे. ३२४.७५ च्या वाटेला जाऊ नका. ती अणूच्या सर्वांत खालच्या पातळीवरून उठते आणि पूर्ण काळी होते, तिच्यातून घनता काढता येत नाही.

रेषा तुमच्या यंत्राच्या रुंदीपेक्षा अरुंद असेल तर खड्ड्याची खोली वाचू नका, क्षेत्रफळ वाचा. स्लिट खड्डा पसरवते, पण क्षेत्रफळ तेच राहते.

आणि एक पक्की तपासणी: ५३० च्या आसपास, जिथे शोषणाची ठळक रेषा नाही, तिथे पारगमन (आरपार आलेल्या उजेडाचा अंश) १ यायला हवे. ०.८ आले तर ते शोषण नव्हे. तप्त वायूने किरण वाकवून स्लिटबाहेर टाकलेला असतो. एसएफ६ चा अपवर्तनाचा परिणाम हवेच्या अडीचपटीहून जास्त आहे, त्यामुळे नोझलमधल्या भोवऱ्यांत हे हमखास होते. दिव्याची प्रतिमा स्लिटपेक्षा बरीच मोठी ठेवली की त्रास कमी होतो.

खिडकीबद्दल. क्वार्ट्‌झची पट्टी आर्कच्या इतकी जवळ असेल तर तीही वाफाळते. ६३४.७ आणि ६३७.१ ला सिलिकॉनच्या आयनाच्या रेषा दिसतात का बघा. दिसल्या तर तुमच्या आर्कमध्ये पट्टीचा मालही आहे. शिवाय वायूत हायड्रोजन फ्लोराइड तयार झाले की ते क्वार्ट्‌झ खाते आणि पृष्ठभाग दुधी होतो. चेंबरच्या खिडकीला नीलम किंवा कॅल्शियम फ्लोराइड घ्या. महाग आहे, पण दर चार शॉटला पॉलिश करत बसण्यापेक्षा परवडते. प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर हॅलोजन दिव्याचा वर्णपट घ्या. राखाडी भुकटी निळ्या भागातला उजेड आधी खाते, आणि ५१० व ५२१ यांच्यातला समतोल हळूहळू बिघडतो.

---

गॅसवाला_कांजूर

६५६.३ बद्दल. हायड्रोजन तुमच्या यादीत कुठेच नाही, म्हणजे तो बाहेरून आला. पावसाळ्यात चेंबर उघडे ठेवून नोझल बदलले असेल तर पहिला संशय ओलाव्यावर. मुंबईच्या जुलैच्या हवेत दवबिंदू २५ अंशांच्या पुढे असतो, आणि ती हवा चेंबरच्या भिंतीवर, ओ-रिंगवर, नायलॉनच्या बोल्टवर चिकटते. नायलॉन तर पाणी पितोच. बोल्ट टेफ्लॉनचे किंवा स्टीलचे करा, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस चोपडू नका. ग्रीसमधून हायड्रोजनही येतो आणि सिलिकॉनही.

गॅस भरण्याआधी चेंबर १ मिलिबारच्या खाली ओढा आणि पंप बंद करून अर्धा तास दाब बघा. दाब चढत जाऊन एका जागी थांबला तर ओलावा सुटतोय. एकसारखा चढतच राहिला तर गळती आहे. ओलावा असेल तर कोरड्या नायट्रोजनने भरा, पुन्हा ओढा, असे दोन-तीनदा. भरल्यावर गॅसचा दवबिंदू मोजा, उणे ५ अंशांच्या वर गेलेला चालवू नका.

ओलावा नुसती रेषा बिघडवत नाही. आर्कने फोडलेले गंधकाचे फ्लोराइड पाण्याशी मिळून थायोनिल फ्लोराइड आणि हायड्रोजन फ्लोराइड बनवते. चेंबर उघडताना सडक्या अंड्यांचा वास आला तर तुम्ही आधीच जास्त जवळ गेला आहात. क्रम असा ठेवा: गॅस रिकव्हरी कार्टने ओढून घ्यायचा, नायट्रोजनने दोनदा धुवायचे, मग आम्ल वायूंचे काट्रिज असलेला मास्क, नायट्राइल हातमोजे, बंद गॉगल. भुकटी फुंकायची किंवा झाडायची नाही. हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने ओढायची आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकायची. एसएफ६ हवेच्या पाचपट जड आहे. लॅबमध्ये केबलचा खंदक असेल तर तो तिथे साचतो आणि खाली उतरलेल्याला श्वास मिळत नाही.

आणि गॅस खिडकीबाहेर सोडायचा नाही, एकदाही नाही. तुमच्या २० लिटरमध्ये ५ बारला ६०० ग्रॅमच्या वर एसएफ६ मावतो. कार्बन डायऑक्साइडच्या २३,५०० पट हिशेबाने तो १४ टन होतो. मांडणी जुळवण्याचे, ट्रिगर तपासण्याचे, खिडक्या आखण्याचे सगळे शॉट कार्बन डायऑक्साइडमध्ये मारा. टेफ्लॉन तोच, स्वान पट्टे तेच. वरून ७७७ ला ऑक्सिजनची तिहेरी रेषा मिळते. एसएफ६ शेवटच्या मोजक्या शॉटला.

मुंबईच्या नागदेवी बाजारातून टेफ्लॉनचा रॉड आणला असेल तर तो कोरा आहे की काच भरलेला, ते दुकानदाराला स्पष्ट विचारा. काच भरलेला असेल तर सोडियमची ५८९ आणि सिलिकॉन दोन्ही येतील, आणि तुम्ही उगाच क्वार्ट्‌झला दोष द्याल. कोऱ्या पांढऱ्या टेफ्लॉनचीही एक खोड आहे: आर्कचे किरण आत शिरतात आणि पृष्ठभागाखाली काळे ठिपके, फुगे पडतात. कारखान्यातल्या नोझलमध्ये म्हणून बोरॉन नायट्राइड किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळतात, म्हणजे किरण वरच्या थरातच अडतात. दहा शॉटनंतर नोझल उभे चिरून बघा आणि घशाचा व्यास मोजून वहीत लिहा. १० चा ११ झाला तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढले, आणि पहिल्या व दहाव्या शॉटची तुलना करता येणार नाही.

---

आर्क_माटुंगा

बोल्ट नायलॉनचेच आहेत. ६३४.७ आणि ६३७.१ दोन्ही जुन्या फ्रेममध्ये सापडल्या, आजवर आम्ही त्या ‘अज्ञात’ म्हणून सोडल्या होत्या. एक शंका: ६५६.३ ओलाव्याची की नायलॉनची, हे चेंबर न उघडता कळेल का?

---

गॅसवाला_कांजूर

कळेल. गॅस न बदलता, तोच करंट ठेवून सलग पाच शॉट मारा आणि ६५६.३ चे क्षेत्रफळ फ्लोरिनच्या ६८५.६ शी भागून मांडा. भिंतीवरचा ओलावा असेल तर पहिल्या शॉटला जास्त येऊन पुढे उतरत जाईल. नायलॉन जळत असेल तर उतरणार नाही, एका पातळीवर राहील किंवा चढेल. दोन शॉटमध्ये किमान दहा मिनिटे जाऊ द्या, गॅस निवू द्या. आणि प्रत्येक वेळी आत हात घालण्याआधी कपॅसिटरवर अर्थिंगची काठी टेकवून तशीच अडकवून ठेवा, नुसती लावून काढू नका. २० किलोज्यूलची बँक एकदा रिकामी केली तरी थोड्या वेळाने टर्मिनलवर पुन्हा व्होल्टेज येते.